दहा बाय दहाच्या खोलीत स्वतः टाइल्स बसवताय? आधी खालची जमीन बघा

पिपरी (मेघे), वर्धा : घर उभं होतं, छत पडतं आणि फरशीपर्यंत येता येता पैसा संपतो. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागासाठी 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. त्यात मिस्त्रीची मजुरी वाचली तर बरंच झालं. एक लहान खोली घरच्या दोन माणसांना स्वतः करता येते. पण घाई केली, तर टाइल्सचा पैसाही मातीत जातो.

काळी माती, मोठी अडचण
आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर सरळ फरशी टाकली की ती कुठे उठते, कुठे खचते. म्हणून जोत्यात काळी माती भरू नका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात टाका, पाणी मारा, धुम्मसने ठोका. जमलं तर एक पावसाळा बसू द्या. त्यावर गिट्टी, रेती, सिमेंटचा तीन-चार इंचांचा कोबा करा आणि किमान सात दिवस पाणी द्या.

किती माल लागेल?
दोन बाय दोनच्या टाइल्स घेतल्या, तर 100 चौरस फुटांना 25 लागतात. तुटफूट आणि कापण्यासाठी दहा टक्के जास्त धरा, म्हणजे 28. एका बॉक्समध्ये चार असतील, तर सात बॉक्स. प्लास्टर झाल्यावर आतलं माप पुन्हा घ्या. सगळ्या बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, ते दुकानातच बघा. नंतर रंग जुळत नाही.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी फारसं पित नाही, त्यामुळे साध्या सिमेंटवर तिची पकड कमी बसते. तिच्यासाठी टाइल अॅडेसिव्ह घ्या. 20 किलोची बॅग साधारण 40 ते 50 चौरस फुटांना पुरते. कोबा मात्र सपाट हवा.

काम असं करा
1. पाणलेव्हलने चारही कोपरे तपासा. दार उघडायला जागा उरते का, तेही बघा. टाइल आणि अॅडेसिव्ह मिळून अर्ध्या इंचाहून जास्त उंची वाढते.
2. खोलीच्या मधोमध दोन दोऱ्या आडव्या-उभ्या बांधा. काटकोनासाठी एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करा. दोन्ही खुणांमध्ये बरोबर पाच फूट आले की गुण्या बरोबर आहे.
3. टाइल्स आधी कोरड्याच मांडून बघा. भिंतीजवळ दोन-तीन इंचांची पट्टी येत असेल, तर ओळ सरकवा. तुकडे दिसणार नाहीत अशा बाजूला घ्या.
4. कोबा झाडून किंचित ओला करा. अर्ध्या तासात संपेल एवढंच अॅडेसिव्ह कालवा. दातेरी पट्टीने सगळीकडे सारखं पसरा. नुसते गोळे ठेवू नका. पोकळी राहिली की वजनदार वस्तू पडताच टाइल तडकते.
5. टाइल ठेवून रबरी हातोडीने हलके ठोका. मध्ये दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर लावा. भिंतीलगत पाच मिलिमीटर जागा सोडा. वर्ध्याच्या उन्हाळ्यात टाइल्स प्रसरण पावतात. जागा नसली तर वर उठतात. ती फट नंतर स्कर्टिंगखाली झाकते.
6. सुरुवात दारापासून दूरच्या कोपऱ्यातून करा, म्हणजे ओल्या फरशीवर पाय पडणार नाही. 24 तास कुणी चालू नये. मग ग्राउट भरा आणि ओल्या स्पंजने पुसून घ्या.

जीव सांभाळा
कटरची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते. पाणी टाकून, मास्क आणि चष्मा लावूनच कापा. मात्र साध्या ग्राइंडरवर पाणी टाकू नका, करंट बसेल. पाण्यावर चालणारा कटर किंवा हाताने ओढायचा टाइल कटर वापरा. सिमेंट हाताला भाजतं, रबरी हातमोजे घाला.

शेवटची तपासणी
दुसऱ्या दिवशी ग्राउट भरण्याआधी प्रत्येक टाइलवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर ती तेव्हाच काढून पुन्हा बसवा. बाथरूम मात्र पहिल्याच वेळी हाती घेऊ नका. तिथे उतार आणि वॉटरप्रूफिंग चुकलं तर पाणी भिंतीत शिरतं. ते काम जाणत्या मिस्त्रीलाच द्या.