मास्तरांची बोली

मराठीचा प्राध्यापक म्हटला की लोक त्याच्यापुढे जपून बोलतात. वसईत बिऱ्हाड केल्यावर पुष्कळ वर्षे मी ही भीती मानासारखी मिरवली. एकदा वर्गात उत्तर देताना एक विद्यार्थी घरच्या बोलीत शिरला. "हे कुठलं रे मराठी?" मी विचारले. वर्ग खो खो हसला. पोराने त्यानंतर वर्षभर माझ्या तासाला तोंड उघडले नाही.

मुलगा नालासोपाऱ्याजवळच्या गासचा. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी. बाप्तिस्म्याने जोडलेल्या नात्याला पोर्तुगीज भाषेत 'कुंपाद्रे' म्हणतात, त्याचेच कुपारी झाले असे सांगतात. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत अनेक घरांचा धर्म पालटला, पण बोली तीच राहिली. सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी, दोघांचीही बोली एकच. तिला कादोडी म्हणतात. ऐकताना मध्येच गुजरातीचा भास होतो. तिकडे रायगडातल्या कोर्लईला नेमके उलटे! पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, पण तिथले ख्रिस्ती घरात अजून पोर्तुगीजवरून घडलेली बोली बोलतात. आणि कादोडीवाल्यांना मराठी परकी म्हणावी, तर याच पट्ट्यातल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते!

मनाला टोचणी लागली, म्हणून एका रविवारी मुलाच्या घरी गेलो. ओटीवर तांबड्या लुगड्यातली त्याची आजी आणि गावातल्याच एक ब्राह्मण बाई बोलत बसल्या होत्या. एकीच्या गळ्यात क्रूस, दुसरीच्या मंगळसूत्र. बोलण्याचा वेग असा, की मला, एम. ए. झालेल्या माणसाला, निम्मेही कळेना. आजीच्या ते ध्यानात आले.

"थांबा सर, तुमच्यासाठी पुस्तकातलं बोलते." दाराआड पोरगा हसला.

मी त्याची माफी मागितली. तो लाजून आत पळाला. म्हातारीने मात्र मला सोडले नाही. "तुमच्या घरात काय बोलतात?"

"मराठीच. आमची आजी रत्नागिरीकडची. ती चित्पावनी बोलायची."

"मग बोला की दोन शब्द!"

मी आठवू लागलो. आजीचा आवाज आठवला, चुलीपुढची तिची बसकण आठवली. वाक्य एकही येईना. लहानपणी तिच्या बोलण्याला हसणाऱ्यांत मीही होतो.

पोरगा सुकेळ्यांची पुडी घेऊन बाहेर आला आणि आजीला कादोडीत काहीसे म्हणाला. दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. काय म्हणाला, ते मी विचारले नाही.