गायन पार्टीच्या हिशेबाची वही

मध्यंतरी आमच्या सांगलीच्या कार्यालयात एक मुलगी आपल्या आजोबांना घेऊन आली. साताऱ्याला वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते, गाव तासगाव तालुक्यातले. आजोबांची एके काळी गायन पार्टी होती. जयंतीच्या हंगामात दोन्ही जिल्ह्यांतून त्यांना सुपाऱ्या येत. मुलीने पिशवीतून १९९८ सालची पिवळी पडलेली पावती काढली. एका कॅसेट कंपनीने आठ गाण्यांचे दोन हजार रुपये दिल्याची नोंद, खाली आजोबांची सही. मग मोबाइलवर गाणे लावले. आवाज आजोबांचा, शब्द आजोबांचे, चाल आजोबांची. गीतकार म्हणून नाव मात्र भलत्याचेच!

आम्ही पावती वाचली. हक्क किती काळासाठी दिले, हे तीत लिहिलेच नव्हते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ : मुदत लिहिलेली नसेल तर हक्काचे हस्तांतरण पाच वर्षांपुरते मानले जाते. ध्वनिमुद्रण कंपनीचे राहील. परंतु शब्द आणि चाल २००३ सालीच आजोबांकडे परत आली, असे आमचे म्हणणे आहे. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क विकले तरी कर्त्याचे नाव विकले जात नाही. (ज्या समाजबांधवांच्या घरी अशा पावत्या असतील त्यांनी त्या जपून ठेवाव्यात. मे १९९५ पूर्वीच्या कागदांना मात्र हा पाच वर्षांचा नियम लागू नाही.)

नोटिशीचे ठरले. मग मुलगी म्हणाली, "साहेब, मला ह्याचाच धंदा करायचा आहे."

ती स्वतः गाते. परंतु तिला नुसते गाऊन थांबायचे नाही. पदवीनंतर मिरजेत एक खोली घेऊन सातारा-सांगलीच्या गायन पार्ट्यांचे हिशेब ठेवायचे, सुपारीचा लेखी करार करायचा, ढोलकीवाल्याचा नि कोरसचा वाटा आधी ठरवायचा, कोणते गाणे कोणी कधी लिहिले याची नोंद ठेवायची, गाणी स्वतःच्या नावाने बाजारात आणायची. येणाऱ्या पैशातला एक हिस्सा आजारी कलावंतांसाठी.

आमचे पहिले उत्तर ऐकून वाचक हसतील. आम्ही म्हणालो, "बाळ, स्पर्धा परीक्षा दे." आणि दुसरे उत्तर त्याहून वाईट होते : "भीमगीत विकायचे असते का?"

आजोबा तोवर गप्प होते. ते म्हणाले, "मंडपवाला रोख घेतो, जनरेटरवाला रोख घेतो, डीजेवाला आधी घेतो. मला शाल नि नारळ. घरी अकरा नारळ झाले, साहेब, तेल कुठनं आणू?"

आम्ही त्या रात्री बराच विचार केला. गावगाड्यात आपल्या लोकांनी आणि मातंग, होलार बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवले. लग्न कोणाचेही असो, हलगी नि सनई आपली. पण त्याची मजुरी ठरत नव्हती. मिळायचे ते देणाऱ्याच्या मर्जीने. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हीच चीड होती : काम पक्के आणि मोबदला मर्जीचा. वाजवणे सोडा, हे चळवळीने सांगितले ते वाद्याच्या द्वेषापोटी नव्हे. मग जयंतीच्या मंचावर आपणच आपल्या गायकाला मर्जीचे बलुते का देतो? लेखी करार मागणारी ही पोरगी विधेयकाच्या बाजूची आहे, आम्हीच बलुत्याच्या बाजूला जाऊन बसलो होतो.

धंद्याने सगळे सुटते असा आमचा भ्रम नाही. साताऱ्यात शिकणारा बाल भीमराव १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरला तेव्हा भाड्याचे पैसे जवळ होते. तरी गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मुलांनाच हाकावी लागली. पैसा खिशात असून जात आडवी येते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण खिसा रिकामा ठेवून ती जाते, असेही कुठे दिसले नाही.

मिरजेचेच बघा. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये हाती घेतली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य घडवणाऱ्या गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण आले. त्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे मुंबईत हलाखीत गेले, हेही आपण विसरू नये. ते १९६९ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा कॉपीराइट २०२९ अखेर संपेल. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, त्यांच्या तशा गीतांचा २०६४ पर्यंत चालेल. या तारखा किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहेत?

२०१२ च्या दुरुस्तीने तर गीतकार-संगीतकाराचा मानधनाचा निम्मा वाटा करारानेही सोडता येणार नाही, असे केले. चित्रपटाबाहेरच्या गाण्यांनाही ते लागू आहे. कायदा आहे, वही नाही. वही ती मुलगी ठेवणार आहे. सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा सभासद लागतात. उसाच्या संस्था काढणाऱ्या या जिल्ह्यांत गाण्याची एक निघायला हरकत कसली?

अडचणी आहेत. आपली कितीतरी गाणी सिनेमाच्या चालीवर आहेत. तिथे शब्द आपले, चाल दुसऱ्याची, आणि उद्या कोणी आपल्यालाही नोटीस देईल. शिवाय बाजार ज्या गाण्याला पैसा देईल तेच गाणे गायले जाईल, विचाराचे मागे पडेल, अशी भीती आम्ही बोलून दाखवली. त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नाही.

नोटीस गेली आहे, उत्तर आलेले नाही. आजोबा रोज संध्याकाळी आठवून सांगतात आणि ती शनिवार-रविवार गावी येऊन उतरवून घेते. परवापर्यंत त्रेचाळीस गाणी झाली. त्यातल्या नऊ गाण्यांपुढे तिने लाल शाईने लिहिले आहे : चाल सिनेमाची, नवी बांधणे.