वर बुफे, खाली हायवे

क्रूझवरचा पाहुणा खातो, पोहतो, नाचगाणी बघतो आणि बरंचसं जहाज न बघताच उतरतो. कंपन्यांनी यातही धंदा शोधलाय. रॉयल कॅरिबियनची 'ऑल ॲक्सेस टूर', कार्निव्हलची 'बिहाइंड द फन', प्रिन्सेसची 'अल्टिमेट शिप टूर'. जादा पैसे मोजले की 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' लिहिलेली दारं उघडतात. आत काय काय असतं, बघा.

गालिचा संपला, हायवे लागला
दारापलीकडे झुंबरं गायब. डोक्यावर पाइप नि केबल, आणि समोर जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला लांबलचक बोळ. अमेरिकेतून सुटणाऱ्या बऱ्याच जहाजांवर त्याला 'आय-९५' म्हणतात. मायामीहून थेट कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणाऱ्या महामार्गाचं हे नाव. इथली रहदारीही तशीच: चादरींच्या ढकलगाड्या, भाजीची खोकी, वेटर, नर्तकी, सुतार, सगळे एकाच रस्त्यावर.

भटारखाना, पण बिनजाळाचा
हजारोंचा स्वयंपाक, तरी गॅसची शेगडी सहसा दिसत नाही. भर समुद्रात आग लागली तर पळणार कुठे? म्हणून सगळं विजेवर. जहाज डुललं तरी पातेली घसरू नयेत म्हणून शेगड्यांना कठडे. तुम्ही बॅगेतून इस्त्री नेलीत, तर तीही चढतानाच काढून घेतली जाते. कारण तेच, आगीची धास्ती.

सकाळी रिकामं, दुपारी फुल्ल
'आयकॉन ऑफ द सीज' २०२४च्या जानेवारीत मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. प्रवासी जास्तीत जास्त ७,६००, शिवाय कर्मचारी २,३५०. सफर संपली की सकाळी सगळे उतरतात आणि दुपारपर्यंत नवी गर्दी चढू लागते. मधल्या काही तासांत बिछाने बदलायचे, कचरा उतरवायचा, आठवड्याचा शिधा भरायचा. अंडी संपली म्हणून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे कुणाला पिटाळता येत नाही!

नळाला समुद्र
अंघोळीचं पाणी बरेचदा जहाजावरच तयार होतं. बंद टाकीतला हवेचा दाब कमी केला की खारं पाणी शंभर अंशांच्या बऱ्याच आधी उकळतं. त्यासाठी इंजिनाची वाया जाणारी उष्णताच वापरतात. वाफ थंड केली की गोडं पाणी. त्यात क्षार मिसळले की प्यायलाही चालतं.

कचऱ्यालाही कायदा
'मारपोल' या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्लास्टिक समुद्रात टाकायला सक्त मनाई, कुठेही. किनाऱ्यापासून फार लांब न जाता उष्टं-खरकटं टाकायचं तर आधी दळायचं, इतकं की २५ मिलिमीटरच्या जाळीतून गेलं पाहिजे. तेही किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैलांपलीकडे. काही समुद्रांत नियम आणखी कडक. तेलकट पाण्याचे नियम चुकवायला 'कॅरिबियन प्रिन्सेस'वर चोरटी नळी बसवली होती. नव्याने रुजू झालेल्या एका इंजिनिअरने २०१३ मध्ये ती उघडकीला आणली आणि २०१६ मध्ये कंपनीने ४ कोटी डॉलरचा दंड कबूल केला.

सुकाणू शोधू नका
कॅप्टनच्या 'ब्रिज'वर सिनेमातलं भलंमोठं लाकडी चाक नसतं. असतात ते पडदे, बटणं आणि हातात मावणारे दांडे. अनेक जहाजांवर ब्रिजच्या दोन्ही टोकांना काचेची फरशी असते. धक्क्याला लागताना किती जागा उरली, ते पायाखालीच दिसतं. आणि सुकाणू? १९९८च्या 'एलेशन'पासून क्रूझ जहाजांवर 'ॲझिपॉड' आले. जहाजाच्या पोटाखालचा अख्खा पंखाच ३६० अंशांत फिरतो, मग वेगळं सुकाणू हवंय कशाला?

तेरा नको, सतराही नको
अनेक जहाजांवर बारानंतर थेट चौदावा मजला. इटालियन मुळांच्या 'एमएससी' कंपनीच्या जहाजांवर तेरावा असतो, पण सतरावा गायब, कारण इटालियन मंडळींना १७चं वावडं!

या खोल्या टूरमध्ये नाहीत
दंगेखोरांसाठी छोटी कोठडी आणि एक शीतगृह, भाजीचं नव्हे, शवागार. लांबच्या सफरींवर वयस्कर प्रवासी बरेच, तेव्हा ही तयारी ठेवावीच लागते.

राणीचे लाड
'क्वीन मेरी २'च्या पुढच्या डेकवर शिल्पासारखी दिसणारी पाती म्हणजे पंख्याची सुटी पाती, लागलीच तर! याच जहाजावर कुत्र्यांची खास सोय आहे. तंगडी वर करायला ब्रिटिश दिव्याचा खांब आणि न्यूयॉर्कचा अग्निशमन नळ, ज्याला जे मानवेल ते.

आणि आपली माणसं
खालच्या बोळात कोकणी-मराठी कानावर आली तर दचकू नका. गोव्यातल्या कितीतरी घरांची चूल तारवट्यांच्या, म्हणजे खलाशांच्या, पगारावर पेटत आली आहे. करार सहा ते नऊ महिन्यांचे, रोजचं काम लांबलचक. आंतरराष्ट्रीय नियमानुसार २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावीच लागते. म्हणजे उरलेले १४ कामाचे असू शकतात. तुमच्या खोलीत टॉवेलचा हत्ती करून ठेवणारा यांच्यातलाच. टिप देताना हे ध्यानात असू द्या.

टूरला जायचं असेल तर पहिल्याच दिवशी नाव नोंदवा, जागा थोड्या असतात. बूट बंद घाला. मोबाइल मात्र खिशातच ठेवावा लागेल, बऱ्याच ठिकाणी फोटोला मनाई आहे. पुरावा नाही म्हटल्यावर घरी परतून थापा मारायला भरपूर वाव!