माडी चढवण्याआधी पाया पाहू

वरशात आणि आसपासच्या गावांत गटाच्या बैठकीत कर्जाची एक मागणी हल्ली वरचेवर येते. घरावर माडी चढवायची आहे. मुलाचं लग्न ठरलेलं असतं, जागा पुरत नाही, गरज खरी असते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात कौलं-पत्रे उडालेले आपण पाहिलेत, म्हणून स्लॅब हवा असंही वाटतं. पण स्लॅबला वजन असतं.

दहा बाय बारा फुटांच्या खोलीवरचा पाच इंची स्लॅब एकटाच साधारण साडेतीन टन भरतो. वरच्या भिंती, लाद्या, कपाटं, माणसं वेगळीच. हे ओझं भिंतींतून किंवा बीम-कॉलममधून पायात आणि पायातून जमिनीत उतरतं. आजवर कौलं पेललेली मातीतली भिंत ते पेलेल असं धरून चालू नका. साडेचार इंची भिंत तर नुसता आडोसा, तिच्यावर मजल्याचा भार नकोच.

“गच्चीवर कॉलमच्या सळया सोडल्यात, म्हणजे सोय केलेली आहे,” हे वाक्य आम्ही सर्वांत जास्त ऐकतो. सळया फक्त मालकाची इच्छा सांगतात. पाया किती रुंद, किती खोल, हे त्यांवरून कळत नाही. तो मुरमापर्यंत गेलाय की भातखाचरावर टाकलेल्या भरावातच थांबलाय, हे पाहायला इंजिनिअरच्या देखरेखीखाली पायाशेजारी छोटा खड्डा घ्यावा लागतो. तोही पावसाळ्यात नाही. चार पावसाळे उघड्यावर राहून पापुद्रे सुटलेल्या सळयांना तशीच नवी सळई जोडू देऊ नका.

आपल्याच जिल्ह्यात महाडला 24 ऑगस्ट 2020 रोजी तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, 16 जण गेले. ती काही जुनाट वाडा नव्हती.

म्हणून माडीच्या कर्जाच्या अर्जासोबत आम्ही इंजिनिअरचा लेखी अहवाल मागतो. काही जणींना तो जाच वाटतो. गवंडीदादांचा हात कितीही चांगला असला, तरी भाराचं गणित हे वेगळं काम आहे. इंजिनिअरची फी कर्जाच्या मानाने थोडी, आणि हप्ते तर घर उभं असो वा नसो, फेडायचेच.

इंजिनिअर आले की तुम्हीही विचारा: वरची भिंत खालच्या भिंतीवर किंवा बीमवर येते ना? खाली हॉल मोठा करायला कुठली भिंत पाडणार आहात? खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली असेल तर ती दाखवा, रंगाखाली लपवू नका. आणि हजार लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन एक टन होतं, तेव्हा ती कुठे बसवायची तेही आधीच ठरवून घ्या.