हप्त्यापलीकडचा रिफंड

फेब्रुवारी लागला की शिकागोच्या उपनगरातल्या आमच्या वकिली कचेरीतल्या फोनचा सूर बदलतो. एरवी लोक विचारतात, घर वाचेल का, गाडी उचलून नेतील का. फेब्रुवारीपासून विचारतात, ‘‘रिफंड आलाय, वापरू का?’’ अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या तेराव्या प्रकरणाखाली, म्हणजे ‘चॅप्टर थर्टीन’खाली, कर्ज फेडणाऱ्यांच्या फायली मी सांभाळते. त्या फायलींत सर्वांत जास्त वाद टॅक्स रिफंडवरून होतात, आणि त्यातले बरेच टाळता येण्यासारखे असतात.

चॅप्टर थर्टीनमध्ये कर्ज लगेच माफ होत नाही. नियमित उत्पन्न असलेला माणूस तीन ते पाच वर्षांची परतफेडीची योजना न्यायालयापुढे ठेवतो. दरमहा तो ट्रस्टीकडे हप्ता भरतो आणि ट्रस्टी ते पैसे धनकोंना वाटतो. हप्त्यामागचं गणित मुळात वजाबाकीचं आहे: उत्पन्नातून रास्त घरखर्च वजा केला की उरेल ते धनकोंचं. योजना चालू असताना हाती येणारी मिळकतही कायद्याने या व्यवस्थेत मोडते. रिफंडचा प्रश्न उभा राहतो तो इथेच.

ओळखीच्या एका मराठी गृहस्थांनी मला विचारलं होतं, ‘‘ताई, हप्ता एकदाही चुकवला नाही. मग सरकारने परत दिलेले पैसे ट्रस्टी का मागतो?’’ त्यांचं रिटर्न समोर ठेवून मी उत्तर दिलं. पगारातून दर पंधरवड्याला कर कापला जातो. तो देय करापेक्षा जास्त कापला गेला, तर जादा रक्कम रिटर्न भरल्यावर रिफंड म्हणून परत येते. समजा ३,६०० डॉलर आले. म्हणजे महिन्याला ३०० डॉलरचा पगार पगारपत्रकात दिसलाच नाही. हप्ता त्या कमी दिसणाऱ्या पगारावर ठरला, तर धनकोंना मिळायला हवं त्यापेक्षा कमी मिळालं. ट्रस्टीचं म्हणणं एवढंच असतं, आणि ते चुकीचं नाही.

म्हणून नवीन फाइल आली की मी आधी टॅक्स रिटर्न वाचते. मागच्या चार वर्षांची आवश्यक रिटर्न भरलेली असावी लागतात, आणि सर्वांत अलीकडचं रिटर्न धनकोंच्या सभेच्या निदान सात दिवस आधी ट्रस्टीकडे पोचावं लागतं. डब्ल्यू-टू या पगाराच्या वार्षिक दाखल्याच्या दुसऱ्या चौकोनात कापलेला कर दिसतो, १०४० या रिटर्नच्या फॉर्मच्या ३५-ए ओळीत रिफंड. कापणी फार जास्त असेल तर अशील नोकरीच्या ठिकाणी नवा डब्ल्यू-फोर, म्हणजे कर किती कापायचा हे ठरवणारा फॉर्म, देतो. मग पैसा दरमहा हाती येतो आणि उत्पन्न–खर्चाच्या तक्त्यात खरा आकडा बसतो. मात्र कापणी इतकीही कमी करायची नाही की एप्रिलमध्ये कर भरायची वेळ येईल. हप्ता भरता भरता नवी करबाकी झाली, तर योजना कोलमडू शकते.

खरा निर्णय होतो तो योजनेच्या अर्जात. डिसेंबर २०१७पासून लागू झालेल्या राष्ट्रीय नमुन्यात, फॉर्म ११३मध्ये, २.३ हे कलम केवळ रिफंडसाठी आहे. तिथे तीन पर्याय आहेत: रिफंड स्वतःकडे ठेवणार, रिटर्न भरल्यावर १४ दिवसांत त्याची प्रत देऊन सगळा रिफंड ट्रस्टीकडे भरणार, किंवा तिसऱ्या, वेगळ्या पद्धतीने, जी तिथेच लिहायची. बरीच न्यायालयं स्वतःचा नमुना वापरतात आणि प्रथाही जिल्ह्यागणिक बदलते. मी हाताळलेल्या अनेक योजनांत वर्षाला १,२०० डॉलरपर्यंत रिफंड ठेवावा आणि त्यावरचा भरावा, असं वाक्य असायचं. भरलेली रक्कम सहसा पुढच्या हप्त्यात वळती होत नाही. ती हप्त्याशिवाय असते.

कमी पगाराच्या कुटुंबाची गोष्ट मात्र निराळी. वृद्धाश्रमात काम करणाऱ्या, एकट्याने मुलं वाढवणाऱ्या बाईचा रिफंड बहुधा जास्त कापणीमुळे नसतो. तो येतो अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट आणि मुलांसाठीच्या क्रेडिटमधून, आणि त्यातला मोठा भाग एकरकमीच मिळतो. गाडीचे टायर, मुलांचे हिवाळी कोट, थकलेलं विजेचं बिल अशी वर्षभर लांबवलेली कामं त्या पैशातून होतात. शिकागोच्याच एका खटल्यात सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१८मध्ये यावर निकाल दिला. अपेक्षित रिफंड बारा महिन्यांत विभागून उत्पन्नात दाखवता येतो आणि त्यासमोर रास्त, आवश्यक खर्चही मांडता येतात, हे न्यायालयाने मान्य केलं. म्हणूनच मी अशिलांना वर्षातून एकदाच येणारे खर्च विचारत बसते. टायर कधी बदलले? दातांचं काम राहिलंय का? शाळा सुरू होताना किती लागतात? लोकांना महिन्याचं भाडं तोंडपाठ असतं, पण हे खर्च आठवावे लागतात. तक्त्यात न आलेला खर्च न्यायालयाला दिसत नाही.

योजना मंजूर झाल्यावरही वाट बंद होत नाही. गाडीचं इंजिन गेलं, घरात आजारपण आलं, तर त्या वर्षीचा रिफंड ठेवू द्यावा असा अर्ज करता येतो. सोबत दुरुस्तीचा अंदाज किंवा दवाखान्याचं बिल लागतं. पण परवानगी आधी, खर्च नंतर. भरायचा रिफंड परस्पर खर्च झाला, तर ट्रस्टी प्रकरण काढून टाकण्याची मागणी करू शकतो. ते निघालं की संरक्षण जातं आणि वसुलीचा मार्ग धनकोंना पुन्हा मोकळा होतो. तीन वर्षं नेमाने हप्ते भरलेल्या माणसावर एका रिफंडपायी ही वेळ येणं मला फार मोठा अन्याय वाटतो, आणि तो टाळणं हे आमचं कर्तव्य आहे.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना माझं कळकळीचं सांगणं आहे. या कायद्याचा आधार घ्यायला नागरिकत्व लागत नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. योजनेवर सही करण्यापूर्वी रिफंडचं कलम वकिलाकडून वाचून घ्या, वर्षाचे खर्च लिहून न्या, आणि रिफंड बँकेत जमा झाला की हात लावण्याआधी कचेरीत फोन करा.