खोकला थांबला, जंतू थांबलेला नसतो

विदर्भातल्या वणीच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत, राजूरला चुनाभट्ट्या आहेत. साहजिकच लोक म्हणतात, 'धुळीनं टीबी होतो.' खरं तर धुळीत क्षयाचा जंतू नसतो. फुफ्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, तेव्हा जंतू हवेतून दुसऱ्याच्या श्वासात जातो. ताट-वाटी वेगळी केल्यानं काही साधत नाही. मात्र दगड फोडताना उडणारी सिलिकाची धूळ जंतू गिळणाऱ्या पेशींना दुबळं करते. सिलिकोसिस झालेल्याला म्हणूनच क्षयाचा धोका कितीतरी जास्त.

त्याहून घातक समज दुसराच आहे: 'दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं, आता गोळ्या कशाला?'

उत्तर जंतूच्या चयापचयात सापडतं. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी १८ ते २४ तास लागतात. आयसोनियाझिड त्याच्या मेणचट भिंतीचं बांधकाम अडवतं, म्हणजे भिंत बांधणाऱ्या, वाढत्या जंतूंनाच ते जोरात मारतं. असे जंतू लवकर मरतात आणि रुग्णाला बरं वाटू लागतं. पण फुफ्फुसातल्या गाठीत प्राणवायू कमी पडला की काही जंतू वाढ जवळजवळ थांबवतात आणि रुग्णाच्याच पेशींतली चरबी, कोलेस्टेरॉल खाऊन टिकून राहतात. त्यांना गाठायला रिफॅम्पिसिन आणि आम्लधर्मी जागेत चालणारं पायराझिनामाइड लागतं. या दोघांमुळेच पूर्वी दीड-दोन वर्षं चालणारे उपचार साध्या क्षयात सहा महिन्यांवर आले. मध्येच सोडलं तर उरलेले पुन्हा वाढतात. अनियमित घेतलं तर औषधाला न जुमानणारे मागे राहतात.

लघवी केशरी झाली की 'गोळ्या गरम पडल्या' म्हणतात. तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे, त्यानं अपाय होत नाही. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. यकृतावर परिणाम झालेला असू शकतो.

जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झालाच, असंही नाही. बहुतेकांमध्ये तो आयुष्यभर दबून राहतो. साधारण ५ ते १० टक्क्यांनाच पुढे क्षय होतो. कुपोषणात ही शक्यता वाढते. झारखंडमधल्या रेशन्स अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना पूरक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातला क्षय सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे दरमहा हजार रुपये मात्र रुग्णाच्या नावावर येतात, आणि जंतू श्वासात घेतलेली बायकामुलं त्याच घरात जेवतात.