चौथ्या मानांकनाचे विजेते

'बळी तो कान पिळी' ही म्हण आपण जगाच्या सर्वच व्यवहारांना लावतो. क्रीडांगणावरही एरवी तिचाच प्रत्यय येतो. मोठ्या महाविद्यालयाचा संघ येतो, लहान महाविद्यालयाला हरवतो आणि ढाल घेऊन निघून जातो. परंतु अधूनमधून एखादा सामना असा होतो की, ही म्हण खोटी पडते. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारताने अवघ्या १८३ धावा केल्या आणि दोन वेळच्या जगज्जेत्या वेस्ट इंडीजला १४० धावांत गुंडाळले, ही कथा आपल्याला पाठ आहे. योगायोग असा की, त्यानंतर बरोबर पंचवीस वर्षांनी, २५ जून २००८ रोजी, अमेरिकेतील ओमाहा या शहरात एका महाविद्यालयीन बेसबॉल संघाने तसाच पराक्रम केला. त्या संघाचे नाव फ्रेस्नो स्टेट. अशा विजयांना आपण चमत्कार म्हणतो आणि विषय संपवतो. प्रस्तुत लेखात तो विषय थोडा पुढे न्यावा, आणि दुबळा संघ सबळ संघाला हरवतो तेव्हा नेमके काय घडते हे पाहावे, असा विचार आहे.

फ्रेस्नो हे कॅलिफोर्निया राज्याच्या मध्य खोऱ्यातील शहर. भोवतालचा मुलूख शेतीचा. आपल्याकडे तासगाव जसे बेदाण्यासाठी प्रसिद्ध आहे, तसा अमेरिकेत हा भाग. आपल्या सांगली-नाशिकच्या मळ्यांत पिकणारी 'थॉम्पसन सीडलेस' ही द्राक्षाची जात तेथेही पिकते. येथील विद्यापीठाच्या संघाने २००८ च्या हंगामाची सुरुवात अगदीच सामान्य केली. पहिल्या वीस सामन्यांपैकी बारा सामने तो हरला होता. पुढे त्याने आपल्या विभागीय लीगची स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळवला. तोपर्यंत त्याचे ३७ विजय व २७ पराभव झाले होते. त्यातच संघाचा सर्वोत्तम पिचर टॅनर शेपर्स खांद्याच्या दुखापतीने बाहेर बसला होता. अशा संघाकडून कोणी काही अपेक्षा ठेवील, हे संभवनीय नव्हते.

आता बेसबॉलचा खेळ थोडक्यात समजून घेऊ. आपल्या महाविद्यालयांतून सॉफ्टबॉल खेळला जातो, त्याचाच हा थोरला भाऊ. प्रत्येक संघात नऊ खेळाडू आणि सामन्यात नऊ इनिंग. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना आळीपाळीने फलंदाजी मिळते आणि तीन गडी बाद होताच डाव पालटतो. एकमेकांपासून नव्वद फुटांवर असलेले तीन बेस व चौथे 'होम' अशी चौकट ओलांडून खेळाडू परत आला की एक धाव होते. पिचर साठ फूट सहा इंचांवरून चेंडू फेकतो. क्रिकेटच्या चेंडूप्रमाणे तो टप्पा घेत नाही. सरळ हवेतून येतो आणि वाटेत वळतो किंवा खाली बुडतो. गोल दांडक्याने तो टोलवणे इतके कठीण की, दहा वेळा प्रयत्न करून तीन वेळा यश मिळवणारा बॅटर उत्तम समजला जातो. सात वेळा अपयश हे येथे गृहीतच धरलेले असते.

या खेळाची पहिली खुबी येथेच आहे. नीट टोलवलेला चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो, तर चुकार लागलेला चेंडू दोघांच्या मधोमध पडून धाव देऊन जातो. एका सामन्यात नशिबाचा वाटा मोठा असतो आणि शेकडो चेंडूंनंतरच खरे कौशल्य वर येते. म्हणूनच अमेरिकेतील व्यावसायिक संघ हंगामात १६२ सामने खेळतात. त्यांतील फार चांगला संघ शंभरापैकी साधारण साठ सामने जिंकतो आणि बरेच दुबळे संघही चाळीसच्या आसपास जिंकतात. सबळ आणि दुर्बल यांच्यातील अंतर इतके कमी असेल, तर एखाद्या दिवशी दुर्बल जिंकणे यात नवल ते काय?

महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये हे अंतर आणखी एका कारणाने कमी होते. शाळेतून बाहेर पडणाऱ्या अत्यंत गुणी मुलांना व्यावसायिक संघ थेट उचलतात. जे महाविद्यालयात येतात, त्यांना साधारणपणे तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची एकवीस वर्षे भरेपर्यंत थांबावे लागते. त्यानंतर त्यांतले चांगले खेळाडू निघून जातात. परिणामी मोठ्या विद्यापीठालाही आपला संघ दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. शिवाय २००८ च्या सुमारास नियम असा होता की, एका संघाला एकूण ११.७ शिष्यवृत्त्याच देता येत, आणि त्या तीसएक खेळाडूंत तुकड्या-तुकड्यांनी वाटाव्या लागत. (२०२५ मध्ये हा नियम बदलला.) पैशाच्या बळावर सर्व गुणी मुले एकाच ठिकाणी जमवणे त्यामुळे अवघड होते. लहान विद्यापीठांच्या वाट्यालाही काही गुण उरत होते.

येथपर्यंतचा हिशेब दुबळ्याच्या बाजूचा झाला. आता दुसरी बाजू. एक सामना नशिबाने जिंकता येतो, पण स्पर्धा जिंकायची तर पुष्कळ सामने जिंकावे लागतात. राष्ट्रीय स्पर्धेत चौसष्ट संघ असतात. त्यांचे चार-चारांचे सोळा गट पडतात आणि प्रत्येक गटात पहिले ते चौथे असे मानांकन दिले जाते. गटात 'दोन पराभव झाले की बाद' असा नियम असतो. प्रत्येक गटाचा विजेता पुढे तीन सामन्यांच्या मालिकेत दुसऱ्या गटविजेत्याशी खेळतो. उरलेले आठ संघ ओमाहाला जातात. १९५० पासून अंतिम टप्पा त्याच शहरात होत आला आहे. तेथे पुन्हा चार-चारांचे दोन गट, पुन्हा दोन पराभवांचा नियम आणि शेवटी दोन गटविजेत्यांत तीन सामन्यांची मालिका.

एक पराभव माफ करणारा हा नियम वरवर दयाळू वाटतो. खरे म्हणजे तो दुबळ्याला अधिक महाग पडतो, आणि त्याचे कारण आहे पिचरचा हात. पूर्ण ताकदीने शंभरएक चेंडू फेकल्यावर त्या हाताला चार-पाच दिवसांची विश्रांती लागते. महाविद्यालयीन हंगामात मुख्य सामने बहुधा शुक्रवार, शनिवार व रविवारी होतात, म्हणून तीन चांगले पिचर असले की काम भागते. स्पर्धेत मात्र एक सामना हरला की एक सामना वाढतो, आणि चौथा-पाचवा पिचर कोठून आणायचा हा प्रश्न उभा राहतो. मोठ्या संघाकडे तो असतो. लहान संघाकडे नसतो. दुबळा संघ पहिला सामना जिंकून सर्वांना चकित करतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी निमूटपणे घरी जातो, याचे रहस्य हेच आहे. मुख्य पिचर गमावलेल्या फ्रेस्नोचेही तेच होणार, असे कोणीही सांगितले असते.

फ्रेस्नोला लाँग बीच येथील गटात चौथे, म्हणजे शेवटचे मानांकन होते. तेथे अखेरचा निर्णायक सामना सॅन डिएगोविरुद्ध जिंकून तो बाहेर पडला. पुढे गाठ पडली ती राष्ट्रीय क्रमवारीत तिसऱ्या असलेल्या ॲरिझोना स्टेटशी. हा संघ पूर्वी पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला, आणि सामने त्याच्याच मैदानावर. पहिला सामना फ्रेस्नोने ४-१२ असा गमावला. दुसरा ८-६ आणि तिसरा १२-९ असा जिंकला. ओमाहाला पोहोचल्यावर पहिल्याच सामन्यात त्याने सहाव्या मानांकित राइसला १७-५ असे धुतले. नंतर दुसरे मानांकन असलेल्या नॉर्थ कॅरोलायनाशी तीन सामने झाले. आधीच्या लागोपाठ दोन वर्षी हा संघ अंतिम मालिकेपर्यंत पोहोचलेला होता. फ्रेस्नोने ५-३ असा विजय मिळवला, मग ३-४ असा पराभव पत्करला आणि अखेर ६-१ असे जिंकून अंतिम मालिका गाठली.

अंतिम मालिकेत समोर होते जॉर्जिया विद्यापीठ. १९९० चे राष्ट्रीय विजेते, त्या वर्षी दक्षिणेतील बलाढ्य लीगमध्ये अव्वल आलेले आणि आठवे मानांकन लाभलेले. गंमत अशी की, दोन्ही संघांचे बोधचिन्ह बुलडॉगच. दुबळ्या स्पर्धकाला इंग्रजीत 'अंडरडॉग' म्हणतात, तेव्हा या शब्दावर कोटी करून फ्रेस्नोचे चाहते आपल्या संघाला 'वंडरडॉग्ज' म्हणू लागले होते.

पहिला सामना जॉर्जियाने ७-६ असा जिंकला. एका धावेने हातचा गेलेला सामना मनाला फार लागतो. दुसऱ्या सामन्यात तर फ्रेस्नो आरंभीच ०-५ असा मागे पडला. येथे कथा संपायला हरकत नव्हती. परंतु नंतर त्याच्या बॅटरांनी धावांची अशी काही झड लावली की, सामना १९-१० असा फिरला. (त्या काळी महाविद्यालयीन सामन्यांत धातूच्या बॅटी वापरत आणि त्यांवरून चेंडू फार जोरात सुटे. २०११ पासून बॅटींचे नियम कडक झाले आणि असे आकडे कमी दिसू लागले.)

तिसऱ्या सामन्यात पिचरचा तोच जुना प्रश्न पुढे आला. प्रशिक्षक माइक बेटसोल यांनी जस्टिन विल्सन या डावखुऱ्या पिचरला केवळ तीन दिवसांच्या विश्रांतीवर उभे केले. त्याने आठ इनिंगमध्ये १२९ चेंडू टाकले, नऊ बॅटर स्ट्राइकआउट केले आणि एकच धाव दिली. दुसरीकडे स्टीव्ह डेटवायलर या खेळाडूच्या अंगठ्याचा अस्थिबंध फाटलेला होता. त्या हाताने त्याने दोन होमरन मारले आणि संघाच्या सहाच्या सहा धावा त्याच्या टोल्यांवर आल्या. शेवटचा झेलही त्यानेच घेतला. सामना ६-१. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला टॉमी मेंडोंका याला. या मेंडोंकाची गंमत अशी की, त्या हंगामात तो शंभराच्या जवळपास वेळा स्ट्राइकआउट झाला होता. त्याच मुलाने ओमाहात चार होमरन ठोकले. दहात सात वेळा अपयश गृहीत धरणाऱ्या खेळाचे याहून बोलके उदाहरण कोणते?

फ्रेस्नोचा अखेरचा हिशेब झाला ४७ विजय आणि ३१ पराभव. इतके पराभव पचवून राष्ट्रीय विजेता झालेला संघ त्यापूर्वी नव्हता. गटात चौथे मानांकन असलेला संघही त्यापूर्वी कधी अजिंक्य ठरला नव्हता. मग सहजच प्रश्न पडतो की, हा संघ देशातला सर्वोत्तम संघ होता काय?

प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, बहुधा नव्हता. हेच संघ शंभर वेळा खेळले असते, तर जॉर्जिया किंवा नॉर्थ कॅरोलायना अधिक वेळा जिंकले असते. आपल्या परीक्षापद्धतीवर जो आक्षेप घेतला जातो, तोच येथे लागू पडतो. वर्षभर अभ्यास करणारा एक आणि तीन तासांच्या पेपरात चमकणारा दुसरा, यांत श्रेष्ठ कोण? लीगचा हंगाम वर्षभराच्या अभ्यासाचे मोल करतो, तर स्पर्धा त्या तीन तासांचे. दोन्ही मापे खरी आहेत, पण ती निरनिराळ्या गोष्टी मोजतात. हंगाम श्रेष्ठत्व मोजतो आणि स्पर्धा प्रसंगावधान मोजते. ज्याला केवळ पहिलेच माप मान्य आहे, त्याने स्पर्धा भरवूच नये. विजेता वर्षाअखेरीस कागदावर काढावा.

या विजयाची दुसरीही एक बाजू आहे, आणि कौतुकाच्या भरात ती झाकली जाऊ नये. व्यावसायिक संघ आपल्या पिचरला सहसा शंभर चेंडूंच्या आसपास थांबवतात आणि चार दिवस विश्रांती देतात. विद्यार्थ्याच्या हातून तीन दिवसांच्या विश्रांतीनंतर १२९ चेंडू टाकून घेणे हा जुगार होता. विल्सन पुढे व्यावसायिक बेसबॉलमध्ये दीर्घकाळ खेळला, त्यामुळे या जुगाराची कोणी निंदा केली नाही. पण ज्यांचे हात अशा वेळी कायमचे अधू होतात, त्यांच्या कथा कोणी लिहीत नाही. दुबळ्या संघाला मोठा विजय हवा असतो, तेव्हा त्याची किंमत बहुधा एखाद्याच्या शरीरातून वसूल होते, हे प्रशिक्षकांनी आणि प्रेक्षकांनीही ध्यानात ठेवले पाहिजे.

असे असूनही फ्रेस्नोचा विजय निव्वळ नशिबाचा म्हणता येत नाही. त्या स्पर्धेत हा संघ चार वेळा हरला आणि सहा वेळा 'आज हरलो तर घरी' अशा सामन्याला उभा राहिला. ते सहाही सामने त्याने जिंकले. नशीब एखाद-दुसऱ्या वेळी साथ देते. सहा वेळा त्याची साथ मिळायची, तर ती घ्यायला तयार असलेला संघ मैदानात असावा लागतो. हंगामाच्या आरंभी वीसांपैकी बारा सामने हरलेल्या मुलांना पराभवाच्या दुसऱ्या दिवशी मैदानात कसे उतरावे, हे ठाऊक झाले होते. सतत जिंकणाऱ्या संघाला ही शिकवणी मिळत नाही.

आपल्यासारख्या महाविद्यालयांच्या बाबतीत या कथेचे मोल येथेच आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत आपण बहुधा चौथ्या मानांकनाचेच असतो. मोठ्या संघाचे नाव सोडतीत निघाले की, अर्धा सामना तेथेच हरून बसतो. खेळाच्या रचनेत दुबळ्यासाठी थोडी जागा ठेवलेली असते. ती किती आणि कोठे आहे, हे अभ्यासाने ओळखता येते. आपले पिचर किती, कोणाला कधी विश्रांती द्यायची, कोणता सामना सोडला तरी चालेल आणि कोणता सोडून चालणार नाही, हा हिशेब करायला मोठे मैदान किंवा मोठी देणगी लागत नाही. हिशेब करूनही बहुतेक वेळा आपण हरूच. परंतु एखाद्या जूनमध्ये ती जागा उघडी सापडते, आणि त्या दिवशी आपण मैदानात असलो पाहिजे.